थर्मामीटर दुसऱ्याच्या हातात द्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही भूलतज्ज्ञ आहात, वय ४४. मानेतल्या गाठीच्या बायोप्सीत डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर, निघाला आणि येत्या आठवड्यात आर-चॉपची, म्हणजे रिटुक्सिमॅब आणि केमोच्या औषधांच्या जुळणीची, पहिली सायकल (एकवीस दिवसांची फेरी) आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: आपले रिपोर्ट आपणच पाहावेत का, आणि सहा सायकल चालू असताना ऑपरेशन थिएटरमध्ये काम करता येईल का. शेवटी, जणू जाता जाता, एक ओळ आहे: "पेशंट म्हणून वागायचं कसं हेच कळत नाहीये."

मला ती ओळच खरा प्रश्न वाटते. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं तिच्यातूनच निघतात.

मी फिजिशियन आहे. बावीस वर्षं प्रॅक्टिस झाल्यावर मला हाच आजार झाला आणि मी हीच औषधं घेतली. त्याला आता सहा वर्षं झाली. तरी आधीच सांगते, माझा अनुभव एका आजाराचा, एका औषधयोजनेचा आणि एका शरीराचा आहे. तुमचा आजार कुठल्या टप्प्यावर आहे, हृदय आणि यकृत कसं आहे, घरी सोबत कोण आहे, यावर बरंच बदलतं. शिवाय आपली केमो आजार मुळापासून घालवण्यासाठी असते. ज्यांना तो फक्त आटोक्यात ठेवण्यासाठी ती घ्यावी लागते त्यांची गणितं वेगळी असतात, आणि इथलं सगळं त्यांना लागू पडणार नाही. माझं म्हणणं आणि तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचं म्हणणं वेगळं निघालं तर त्यांचं ऐका.

माहितीची तुम्हाला कमतरता नाही. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कधी खाली जातात, आर-चॉपमधलं डॉक्सोरुबिसिन हृदयाला काय करतं, हे तुम्हीच मला सांगू शकाल. माझीही अडचण माहितीची नव्हती. आजारी पडल्यावरही मी ड्यूटीवरून उतरले नाही, ही अडचण होती. अंथरुणात एक आजारी बाई होती आणि तिच्या उशाशी बसून तिची केस पाहणारी दुसरी होती. दोघी मीच, आणि दुसरी पहिलीला बोलूच द्यायची नाही. त्यापायी एका रात्री जिवावर बेतलं होतं. ती रात्र आधी सांगते.

दुसऱ्या सायकलचा दहावा दिवस. रात्री अकराच्या सुमारास कणकण वाटली म्हणून थर्मामीटर लावला: १००.६. केमो घेणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट बजावत आले होते. ताप १००.४ फॅरनहाइटवर, म्हणजे ३८ सेल्सिअसवर गेला की घड्याळ न पाहता निघायचं, पॅरासिटामॉल घेऊन तो दाबायचा नाही, सकाळची वाट पाहायची नाही. आर-चॉपमध्ये पांढऱ्या पेशी साधारण आठव्या ते चौदाव्या दिवसांत तळाला जातात, हेही पाठ होतं. तरी मी मनात म्हटलं, खोलीत उकडतंय, तासाभराने पुन्हा बघू. तासाभराने १००.८. मग मी उठून स्वतःला तपासलं. आरशासमोर टॉर्च धरून घसा पाहिला, लाल नव्हता. खोकला नव्हता. लघवीला जळजळ नव्हती. औषध देण्यासाठी छातीत कातडीखाली बसवलेल्या पोर्टभोवतीची त्वचा दाबून पाहिली, दुखत नव्हती. सगळं ठीक दिसत होतं, आणि ते पाहून मला बरं वाटलं.

इथे थांबून विचार करा, कारण हीच चूक तुमच्याही हातून होऊ शकते. घसा लाल व्हायला, पू व्हायला, एक्स-रेमध्ये न्यूमोनियाचा डाग उमटायला पांढऱ्या पेशी लागतात. त्याच नसतील तर जंतू रक्तात शिरलेले असतानाही बाहेरून काहीच दिसत नाही. अशा वेळी बऱ्याचदा ताप हीच एकमेव खूण असते, आणि मी ती तपासणीच्या नावाखाली खोडून टाकत होते. जो माणूस तपासायला शिकलेला नाही तो एवढ्या तापाला घाबरून निघाला असता आणि वेळेत पोचला असता.

दुसरं कारण कबूल करायला मला वेळ लागला. त्या रात्री ड्यूटीवर असलेला डॉक्टर माझाच विद्यार्थी होता. त्याला रात्री बारा वाजता फोन करून "मला ताप आलाय" म्हणायला मला संकोच वाटला. उगाचच निघालं तर? मॅडम घाबरल्या असं त्याला वाटलं तर? पेशंट असण्यात एक प्रकारचं लहान होणं असतं, आणि मी ते टाळत होते.

चारच्या सुमारास हुडहुडी भरली. माझी धाकटी बहीण तेव्हा सोबतीला राहिली होती. खाट वाजायला लागली म्हणून ती आत आली, थर्मामीटर वाचला आणि एक शब्दही न बोलता गाडीची किल्ली आणायला गेली. पोचलो तेव्हा वरचं ब्लड प्रेशर ८४ होतं आणि न्यूट्रोफिल २००, म्हणजे जवळजवळ नाहीतच. अँटिबायोटिक पोचल्यापासून तासाभरात शिरेत गेलं पाहिजे असा दंडक आहे, आणि तिथल्या लोकांनी तो पाळला. पाच तास घालवले होते ते मी घरात. दोन दिवस आयसीयू, एकूण आठ दिवस वॉर्ड. पुढच्या सायकलपासून पेशी वाढवणारं ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शनही सुरू झालं.

त्यानंतर आमच्या घरात एक व्यवस्था झाली. थर्मामीटर माझ्या हातात राहिला नाही. एका कागदावर बहिणीने मोठ्या अक्षरात १००.४ लिहिलं, खाली वॉर्डाचा नंबर लिहिला. ताप तीच मोजायची आणि फोन तीच करायची. मला काय वाटतं, हे त्यात विचारात घ्यायचं नाही असं ठरलं होतं. दोन वेळा ती मला घेऊन गेली आणि रक्तातल्या पेशींचे काउंट चांगले निघाले म्हणून आम्ही परत आलो. त्या दोन्ही फेऱ्या मी वाया गेल्या असं मानत नाही. तुमच्याही घरी असं एक माणूस नेमा. शक्यतो डॉक्टर नसलेलं, कारण डॉक्टर असेल तर तुम्ही त्याच्याशी वाद घालाल आणि जिंकाल.

आता दुसरी गोष्ट, तक्रार सांगण्याची. ही मला सगळ्यात कठीण गेली.

चौथ्या सायकलच्या आधी ऑन्कॉलॉजिस्टने विचारलं, "कसं आहे?" मी म्हटलं, "ग्रेड वन न्यूरोपथी, बाकी ठीक." म्हणजे मज्जातंतूंना झालेली इजा, सगळ्यात सौम्य पायरीची. त्यांनी तसं लिहून घेतलं. का नाही घेणार? एका सीनियर फिजिशियनने दिलेली ग्रेड. शेजारी एक तरुण रेसिडेंट मुलगी बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, बाहीचं बटण लावून दाखवता?" मला ते लावता आलं नाही. मी तीन आठवडे फक्त डोक्यावरून घालायचे कपडे वापरत होते, आणि त्याचं कारण मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पेशंटची नाडी पाहताना बोटाखाली काही लागत नव्हतं. मी हळूच मनगट बदलून पाहायचे आणि मशीनवरचा आकडा लिहायचे. बटणं लावता येत नाहीत म्हणजे रोजच्या कपडे घालण्यात अडथळा, ती ग्रेड वन राहत नाही. त्या दिवशी ही इजा करणाऱ्या, आर-चॉपमधल्याच व्हिन्क्रिस्टिनचा डोस निम्मा झाला आणि पुढे ते बंद केलं.

तुमच्यासाठी हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण तुमचं कामच बोटांवर चालतं. एपिड्यूरलची, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ भूल देण्याची, सुई सरकवताना अंगठ्याखालचा रोध अचानक नाहीसा होतो, तो क्षण मॉनिटर सांगत नाही, बोट सांगतं. व्हिन्क्रिस्टिन मूळचं सदाफुलीच्या रोपातलं औषध. ते पेशीतल्या ज्या सूक्ष्मनलिका मोडतं त्याच नलिकांवरून मज्जातंतूंमधली वाहतूक चालते, म्हणून सगळ्यात लांबच्या तंतूंना, म्हणजे बोटांना आणि पायांना, आधी झळ पोचते. ही झळ औषध थांबवल्यावरही काही आठवडे वाढत राहू शकते. म्हणजे "अजून एक सायकल काढू, मग सांगू" असा हिशोब केला तर सांगेपर्यंत उशीर झालेला असतो. माझ्या हातांची जाण परत यायला नऊ महिने लागले. डाव्या पायाच्या बोटांत अजून मुंग्या आहेत.

म्हणून माझं सांगणं असं, की निदान सांगू नका, गोष्ट सांगा. "ग्रेड वन" म्हणण्याऐवजी "बटण लागत नाही". "माइल्ड फटीग" म्हणण्याऐवजी "आंघोळ केल्यावर पाऊण तास भिंतीला टेकून बसावं लागतं". वैद्यकीय शब्द वापरला की समोरचा पुढचा प्रश्न विचारत नाही, कारण उत्तर तयारच असतं. घरगुती शब्द वापरला की त्याला विचार करावा लागतो.

हे फक्त माझं मत नाही. अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञ एथन बाश आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एका चाचणीचे निष्कर्ष मांडले. पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणारे ७६६ पेशंट त्यात होते. त्यातल्या काहींना आपली लक्षणं नियमितपणे संगणकावर स्वतः नोंदवायला सांगितलं होतं आणि त्रास वाढला की सिस्टरकडे सूचना जायची. बाकीच्यांची नेहमीसारखी विचारपूस होत होती. नोंदवणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ३१.२ महिने निघालं, इतरांचं २६. ते आजार आपल्यापेक्षा वेगळे होते, म्हणून हे आकडे स्वतःला चिकटवू नका. पण तक्रार वेळेवर पोचणं हा उपचाराचा भाग आहे, हे मला त्यातून पटलं. तोवर मी न कण्हण्याला धीर समजत होते.

शेजारच्या खुर्चीवर ड्रिप घेणाऱ्या एका बाईंकडे छोटी वही होती. कुठल्या दिवशी काय झालं, एवढंच त्या लिहायच्या. मीही तसं सुरू केलं आणि तिसऱ्या सायकलपर्यंत मला माझ्या एकवीस दिवसांचा नकाशा मिळाला. तो पुढे कामाच्या प्रश्नात उपयोगी पडेल, तिथे सांगते.

आता थोडं आपल्या सहकाऱ्यांविषयी. ते तुमच्याशी फार चांगलं वागतील, आणि त्या चांगुलपणात एक धोका असतो. पहिल्या सायकलनंतर मला औषधांचा कागद देताना सगळे म्हणाले, "तुम्हाला काय सांगायचं, मॅडम." आणि खरंच कुणी काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी पोट फुगून दुखायला लागलं. व्हिन्क्रिस्टिनने आतडी सुस्तावतात, वर उलटीसाठी दिलेलं ऑन्डान्सेट्रॉनही मलावरोध करतं. पहिल्या दिवसापासून रेचक घ्यायचं असतं, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. मला वाटलं ते लिहितील, त्यांना वाटलं मी घेईन. त्या वॉर्डातल्या इतर प्रत्येक पेशंटला सिस्टर बसून हे समजावत होत्या. ज्यांना विशेष वागणूक मिळते त्यांचीच हेळसांड होते, याला १९६४ मध्ये वॉल्टर वाइनट्रॉब या मानसोपचारतज्ज्ञाने व्हीआयपी सिंड्रोम असं नाव दिलं होतं.

तेव्हा पहिल्याच दिवशी सांगून टाका: "मला काही माहीत नाही असं धरून सगळं सांगा." सिस्टर नाव आणि जन्मतारीख विचारतील तेव्हा, त्या तुम्हाला दहा वर्षं ओळखत असल्या तरी, पूर्ण उत्तर द्या. रिटुक्सिमॅबच्या आधी हेपटायटिस बी ची तपासणी झाली आहे ना, हे विचारा. जुना, झोपलेला विषाणू या औषधाने उसळू शकतो आणि डॉक्टरांच्या बाबतीत "तुमची लस झालीच असेल" म्हणून ती तपासणी राहून जाते. मुलं हवी असतील तर तो विषय पहिल्या ड्रिपच्या आधी काढा, तो कुणी आपणहून काढत नाही. आणि कॉरिडॉरमधले सल्ले प्रेमाने ऐका, पण निर्णय एकाच ऑन्कॉलॉजिस्टचा असू द्या. मला पहिल्या पंधरवड्यात सात सहकाऱ्यांनी सात वेगळ्या गोष्टी सुचवल्या. सगळे तळमळीने बोलत होते. पण जबाबदारी त्यांच्यातल्या कुणावरच नव्हती.

पहिल्या ड्रिपचा दिवस मी कधी विसरणार नाही. रिटुक्सिमॅब पहिल्या वेळी अगदी हळू सुरू करतात, तासाला ५० मिलिग्रॅमने, आणि दर अर्ध्या तासाने वेग वाढवतात. चढवण्याआधी सगळी औषधं दिलेली असूनही तिसऱ्या टप्प्यावर मला थंडी भरली. मी लगेच म्हटलं, "ड्रिप थांबवा, हायड्रोकॉर्टिसोन काढा, सॅच्युरेशन लावा." सिस्टरचा हात केव्हाच ड्रिपच्या चाकीवर गेला होता. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आता काही करू नका. मी आहे." माझे दात वाजत होते आणि मला रडू आलं. किती वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. अर्ध्या तासाने त्यांनी निम्म्या वेगाने ड्रिप पुन्हा सुरू केली आणि ती नीट पार पडली. मग त्यांनी डॉक्सोरुबिसिनची लाल सिरिंज घेतली आणि बाजूने सलाईन चालू ठेवून पाव तास माझ्याजवळ बसून हाताने सावकाश ते औषध दिलं. मधून मधून थोडं मागे ओढून रक्त येतंय ना ते पाहत होत्या, कारण शिरेबाहेर गेलं तर हे औषध कातडी आणि खालचं मांस जाळतं. बावीस वर्षं मी हे नाव कागदांवर वाचत आले होते. पण कुणीतरी एका पेशंटसमोर पाव तास नजर न हलवता बसतं तेव्हा ते दिलं जातं, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

रिपोर्टचा प्रश्न. पाहू नका असं मी सांगणार नाही, तुमच्याने ते होणार नाही आणि तुमच्यापासून ते लपवणं बरोबरही नाही. पण कधी आणि कुणासोबत पाहायचे, ते आधी ठरवा. दुसऱ्या सायकलनंतरच्या, आजार किती उरला ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनचा रिपोर्ट मी रात्री एकटीने फोनवर उघडला. डोव्हिल स्कोअर तीन. पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर तीन म्हणजे मधोमध, म्हणजे अर्धवट, असं मी धरलं आणि सकाळपर्यंत मी मनात दुसऱ्या फळीची औषधं, स्टेम सेल प्रत्यारोपण, मुलीचं शिक्षण, सगळं करून बसले. सकाळी ऑन्कॉलॉजिस्ट हसून म्हणाले, गाठीची चमक यकृताच्या चमकेपेक्षा जास्त नाही, म्हणजे या औषधांवर हा चांगला प्रतिसाद धरतात. माझ्या विषयाबाहेरच्या मोजपट्टीवर मी माझ्या भीतीने अर्थ लावला होता. तुमचंही शिक्षण हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन वाचण्याइतकं आहे, पण लिम्फोमाचे स्कॅन रोज वाचणाऱ्याची नजर तुमच्याकडे नाही, आणि माझ्याकडेही नव्हती. त्यानंतर आम्ही ठरवलं: रोजचे रक्ताचे काउंट मी पाहू शकते, स्कॅन आणि बायोप्सी आधी ते पाहतील आणि मग आम्ही दोघं एकत्र. त्या नियमाने मला झोप दिली.

शोधनिबंधांचंही तसंच. चॉप ही जुळणी १९७० च्या दशकातली, रिटुक्सिमॅब तिला पुढे जोडलं गेलं. या आजारात आर-चॉपने दहापैकी साधारण सहा जण कायमचे बरे होतात. हा आकडा तुम्ही आधीच शोधला असणार. मी तो इतक्या वेळा पाहिला की त्याचा अर्थच निघून गेला. तो तक्ता तुम्ही सहांत आहात की चारांत हे सांगत नाही, आणि तो विसाव्यांदा उघडल्यानेही सांगणार नाही.

आता काम. इथे खरोखरच परिस्थितीवर अवलंबून आहे, पण भूलतज्ज्ञासाठी माझं मत स्पष्ट आहे: उपचार चालू असताना एकट्याने भूल देऊ नका. माझ्या वहीतला एकवीस दिवसांचा नकाशा असा होता. पहिले पाच दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोज १०० मिलिग्रॅम. अंगात उसनी ताकद, डोकं भरधाव, झोप नाही. गोळ्या सकाळीच घेतल्या तर थोडी झोप लागते. हे दिवस फसवे असतात. याच दिवसांत मला वाटायचं की मी पूर्ण बरी आहे, उद्यापासून ओपीडी सुरू करते. सहाव्या दिवशी स्टेरॉइड थांबलं की जमिनीवर आदळल्यासारखं व्हायचं, हातपाय दुखायचे, मन खचायचं. आठ ते चौदा संसर्गाचा काळ. पंधरा ते एकवीस बऱ्यापैकी माणसात. तुमचा नकाशा थोडा वेगळा असेल, पण पहिल्या दोन सायकलींत तो लिहून काढा आणि मगच कुणाला कुठला शब्द द्या.

मी पहिल्या दोन सायकलींत तिसऱ्या आठवड्यात ओपीडी केली. तिसऱ्या वेळी एका वृद्ध पेशंटला एकच रक्त पातळ करणारं औषध दोन वेगळ्या नावांनी लिहिलं. फार्मसीतल्या मुलाने फोन करून विचारलं म्हणून ते सुटलं. त्याच दुपारी मी ओपीडी बंद केली. केमोच्या काळात शब्द आठवत नाहीत, धागा सुटतो, आकडेमोड अडखळते. पेशंटला याची कल्पना नसते आणि आपल्यालाही लगेच कळत नाही. तुमच्या हातात मिनिटामिनिटाला डोस असतात. बोटं बधिर, झोप अर्धी आणि लक्ष विस्कळीत, अशा अवस्थेत तुमच्या टेबलावर झोपलेला माणूस स्वतःसाठी काही बोलू शकत नाही. शिकवा, प्रोटोकॉल लिहा, केसेसवर चर्चा करा, दिवसाला दोन तास. थिएटर थांबेल. तिथे परत जाण्याआधी बोटांची आणि लक्षाची परीक्षा दुसऱ्या कुणाला तरी घेऊ द्या.

केस जातील, साधारण दोन-तीन आठवड्यांत. मला त्याचं फार वाटलं नाही, माझ्या बहिणीला वाटलं.

एका गोष्टीची मात्र मला कुणीच पूर्वसूचना दिली नव्हती, म्हणून ती सांगते. चौथ्या सायकलच्या दिवशी औषध सुरू होण्याआधीच, हातावर स्पिरिटचा बोळा फिरवताच, मला उलटी झाली. पुढच्या वेळी तर दारातून आत येतानाच. मेंदू वासाची आणि मळमळीची गाठ मारून टाकतो. पहिल्या सायकलपासून मळमळ नीट आटोक्यात ठेवली तर ही गाठ बसण्याची शक्यता कमी होते, म्हणून उलटीच्या गोळ्या "लागल्या तर घेईन" असं म्हणू नका, वेळेवर घ्या. मी म्हटलं होतं. एकदा गाठ बसली की उलटीच्या नेहमीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. मला आदल्या रात्री आणि सकाळी लोराझेपाम या चिंता कमी करणाऱ्या गोळीचा उपयोग झाला. इतर पेशंट उपचार संपल्यावर त्या वासापासून दूर जातात. आपण त्याच वासात परत कामाला जातो. उपचार संपल्यावर कितीतरी महिने माझ्याच ओपीडीत, हाताला सॅनिटायझर लावला की पोटात ढवळायचं. मला त्याची लाज वाटायची. शेवटी मी माझ्या नर्सला सांगितलं, तिने वास नसलेला सॅनिटायझर आणून ठेवला आणि हळूहळू ते गेलं. तुम्हाला असं झालं तर पहिल्याच दिवशी सांगा.

तुमच्या प्रश्नांकडे परत येते. रिपोर्ट: काउंट पाहा, स्कॅन एकत्र पाहा. काम: भूल देणं थांबवा, बाकीचं नकाशा पाहून. आणि पेशंट म्हणून कसं वागायचं: तक्रार घरच्या शब्दांत सांगा, समजावून घ्या, आणि तापाचा निर्णय तुमच्याकडे ठेवू नका. बाकीचं वॉर्डातल्या सिस्टर तुम्हाला शिकवतील, त्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं येतं.

सोमवारच्या आधी एवढं करा. पोर्ट बसणार असेल तर गळ्याशी बटणं उघडतील असा सैल शर्ट काढून ठेवा. रेचक लिहून दिलं आहे का ते पाहा, नसेल तर मागा. एक वही घ्या. आणि आज रात्री घरात बसून ठरवा की थर्मामीटर कुणाकडे राहील, त्या माणसाला १००.४ हा आकडा आणि वॉर्डाचा नंबर लिहून द्या, आणि त्याच्यासमोर कबूल करा की त्याने "चला" म्हटलं की तुम्ही निघाल. पहिली ड्रिप झाल्यावर, हात जरा स्थिर झाले की, कसं गेलं ते मला लिहा.